अर्धलीचा मॅनेजर

सखारामच्या घरात अख्खं असं काहीच नव्हतं. दावणीला शेळ्या होत्या, त्या अर्धलीच्या. म्हणजे शेळी दुसऱ्याची, चारापाणी सखारामचं आणि होतील ती करडं निम्मी निम्मी. बैल एकच, दुसरा शेजारच्या बद्रीनाथचा. पेरणीला दोघं मिळून जोडी करायचे आणि पेरणी उरकली की आपापला बैल आपापल्या दारी. विहिरीत तिघांचा हिस्सा. बांधावरचं जांभळाचं झाड तर असं नेमकं मधोमध उभं, की वारा एकीकडून सुटला तर जांभळं सखारामची आणि दुसरीकडून सुटला तर बद्रीनाथची. सखाराम झोपतो तेव्हासुद्धा एकच डोळा मिटतो, दुसरा हिश्श्यानं दिलेला आहे, असं गावात म्हणायचे. म्हणणाऱ्यांनी तो उघडा डोळा पाहिलाही होता म्हणे.

अख्खी अशी एकच, पोरगी विशाखा. आयटीआय करून शेंद्र्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत लाईनवर लागली होती. सकाळी फाट्यावरून कंपनीची बस, संध्याकाळी फाट्यावर कंपनीची बस. दिवसभर उभं राहून पिंढऱ्यांचे दगड व्हायचे आणि बोटांना चिकटपट्टीचा वास सुटायचा, तो भाकरीतसुद्धा उतरायचा. तिच्याच लाईनवरच्या आमरीननं शहरात, चिकलठाण्याकडे, एक खोली पाहून ठेवली होती. "दो खाट है, एक तेरी," असं ती रोज डबा उघडताना म्हणायची. विशाखाचं निम्मं मन त्या खाटेवर जाऊन पडलेलं होतं, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यात गेल्या साली अद्रकीला सड लागली. वरून पानं हिरवीगार आणि धरून ओढलं की झाड दुधाच्या दातासारखं हातात यायचं. खालचा कंद बोटानं दाबला की पिचकन फुटायचा आणि असा वास सुटायचा, की बद्रीनाथच्या बैलानं त्या बाजूला तोंड करून चरणं सोडून दिलं होतं. दुकानदारानं औषधं दिली, ती ठिबकमधून सोडली, काही झालं नाही. सखाराम बांधावर उकिडवा बसून मातीचं ढेकूळ चोळत राहिला.

"जमीन मेली नाय," तो बायकोला म्हणाला. "भुकेजली. तिला मेंढरं पायजेत."

मेंढरं दर साली यायचीच. नांदगावकडचा कारभारी धनगर कळप घेऊन उन्हाळ्यात या वाटेनं निघायचा. ज्याच्या रानात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवील, त्याच्या रानाला लेंडीखत. त्या साली साऱ्या शिवारातली अद्रक सडली होती, त्यामुळं जो तो कारभारीच्या घोड्याचा लगाम धरून उभा. बद्रीनाथ तर ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊनच फाट्यावर जाऊन बसला होता. तरी मेंढरं बसली सखारामच्या रानात. सखारामनं त्याला कसा वळवला, हे कुणालाच कळलं नाही. बद्रीनाथ पोतं परत आणताना एवढंच म्हणाला, "भानामती केली लेकाच्यानं."

विशाखा संध्याकाळी फाट्यावर उतरून रानातून घरी यायला लागली, तर वाटेत कारभारीचं बिऱ्हाड. बाभळीखाली कुत्री व्यालेली. पिल्लं नुकतीच चालायला शिकलेली, चार पावलं टाकली की पाचव्याला नाकावर पडत होती. विशाखा पाणी प्यायला टेकली आणि उठायला लागली, तर तिची डब्याची पिशवी हलू लागली. आत एक काळ्या तोंडाचं पिल्लू रिकाम्या डब्यात थोबाड घालून झोपलं होतं. डबा काढला तर डब्यासकट पिल्लू वर आलं.

"आता गं बया," कारभारीची बायको सरूबाई हसली. "तुझ्या नावाचं निघालं ते."

"मामा, मला द्याल का हे?"

कारभारी विडी विझवत होता. त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "घे की."

एवढ्या पटकन कुणी काही देतं, असं विशाखानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सरूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. विशाखाला वाटलं, हसू दाबते आहे.

घरी तिची आई, मनकर्णाबाई, चुलीपाशी होती. विशाखानं कुत्र्याचा विषय काढला. मनकर्णाबाई म्हणाली, "नाय."

ते नाय असं होतं की करमाडच्या स्टेशनावरून सुटलेली गाडी पुन्हा थांबली असती. चुलीवरची भाकर फुगायची ती फुगली नाही. सखाराम ओट्यावर ठिबकच्या नळीतला कचरा दाभणानं काढत होता, तो नळीतच बघत राहिला.

"अगं पण आई, ऐक तर..."

"घरात केसं, अंगणात घाण आन् पिठात तोंड. ऐकलं सगळं."

"मी झाडीन ना. मी धुईन."

"तू?" मनकर्णाबाईनं भाकर उलटली. "तू तर चालली खोलीत. शहरात. कुत्रं बांधून जाशील आमच्या गळ्यात आन् तिथून फोनवर इचारशील, जेवलं का गं माझं पिलू?"

"बाबा, तुमी सांगा ना हिला."

सखारामनं नळीत फुंकर मारली. "तुझी आई म्हणती त्यात खोटं काय? पोरगी इथं नसली तर त्याला बघील कोण? मला तर अद्रकीपायी येळ नाय."

मग विशाखानं दोघांना वळवायला घेतलं. ते कसं, हे गावातल्या बायका पुढं कितीतरी दिवस एकमेकींना सांगत होत्या. ती कोंबड्याच्या आधी उठायची. शेळ्यांच्या लेंड्या काढायची, पाणी शेंदायची, आईच्या गुडघ्यांना तेल चोळायची. भाकरी तिला थापता यायची नाही. एक भाकर तव्यावरून उचलली तर तिच्यातून पलीकडची चूल दिसली, दुसरी अशी जाड झाली की सखारामनं ती चावायच्या आधी दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिली. तरी ती थापत राहिली. कंपनीतून आल्यावर हातातला टेपचा वास जायच्या आत हातात खराटा. आणि झाडता झाडता बोलणं सुरू.

"रानडुकरं येतात का नाय, बाबा? गेल्या साली बद्रीनाथकाकाची मका झोपवली का नाय?"

"झोपवली."

"मग कुत्रं नको?"

"तुझ्या आईला इचार."

"आई, बिबट्या दिसला म्हणतात कॅनॉलकडं. शेळ्या आपल्या उघड्यावर."

"बिबट्या आधी कुत्रंच खातो," मनकर्णाबाई म्हणायची. "मग आपण काय, त्याला ताटात वाढून द्यायचं का?"

तिकडं मेंढरांचा मुक्काम हलायची वेळ आली. सरूबाई घोड्यावर लादायच्या गोधड्या झटकू लागली. विशाखा बिऱ्हाडापाशी गेली, पिल्लू तिच्या चपलेच्या अंगठ्याला दात लावून मागं ओढत होतं. ती तशीच घरी आली, पाय धुतले नाहीत, उंबऱ्यात उभी राहिली.

"खोलीचं नाव काढणार नाय," ती म्हणाली.

मनकर्णाबाई सूप पाखडत होती. सूप थांबलं.

"काय म्हणली?"

"आमरीनला नाय म्हणून सांगते. इथंच राहीन."

"आन् सुट्टीच्या दिवशी?"

"अद्रकीत."

"लागवडीला?"

"लागवडीला, खुरपणीला, भर लावायला. सगळ्याला."

मनकर्णाबाईनं असा उसासा टाकला, जणू अंगठा धरून तिच्याकडून राहतं घर लिहून घेतलं. "आन मग ते तुझं कुत्रं."

विशाखानं चपला पायात सरकवल्या, तेवढ्यात सखाराम निघालासुद्धा. तोच पिल्लू काखेत घालून आला. ओट्याच्या खांबाला त्यानं ते बांधलं, तेव्हा विशाखानं पाहिलं की साखळी नवीकोरी आहे, गळ्यातला पट्टा नवा आहे. आधीच आणून ठेवलेला. तिला भरून आलं. बाबा मनातून कधीचा राजी होता आणि आईपायी गप्प होता, असं तिनं धरलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं आमरीनला तेच सांगितलं.

"कुत्ते के वास्ते खोली छोड दी?" आमरीन म्हणाली. "पागल है तू. पर अब्बा अच्छे है तेरे. हमारे यहां तो मैं ऐसा बोली तो कुत्ते के साथ मेरे कू बी बाहर बांधेंगे."

पिल्लाचं नाव विशाखानं ठेवलं मॅनेजर. कारण सोपं होतं. सगळे वाकून काम करत असले की हा बांधावर बसून टक लावून बघायचा, मध्येच उठून एका वाफ्यापासून दुसऱ्या वाफ्यापर्यंत चालत जायचा आणि उगाच एकदा भुंकून परत बसायचा. नाव ऐकून गावातली कंपनीत जाणारी पोरं मुद्दाम सखारामच्या अंगणात येऊ लागली. "मॅनेजर, खाली बस!" "मॅनेजर, गप!" असं मनसोक्त ओरडायची आणि हलकी होऊन घरी जायची. एका फिटरनं तर वर्षभराची पगारवाढ मॅनेजरपुढं बसून मागितली. मॅनेजरनं जांभई दिली. फिटर म्हणाला, अगदी तसंच.

विशाखानं कबूल केलेलं सगळं केलं. लागवडीला गादीवाफ्यावर बेणं पुरताना कंबर अशी धरायची की बसमध्ये चढायला तिला दांड्याला लोंबकळावं लागायचं. खुरपणीत तळहाताला आलेले फोड लाईनवर वायरी ओढताना फुटायचे. सुपरवायझर म्हणायचा, वायरीला रक्त लावू नका मॅडम, माल परत येतो. भाद्रपदात भर लावायला घेतली. पाऊस थांबला की ऊन असं यायचं, जणू कुणी ओल्या घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलंय. ती कुदळीनं माती ओढायची आणि झाडाच्या बुडाशी लावायची, पुढं सरकायची, पुन्हा ओढायची. मॅनेजर तिच्या मागं मागं यायचा आणि लावलेली माती हुंगून पास करायचा. झाड ओढून बघायची तिची छाती व्हायची नाही. सखारामनं एक ओढून पाहिलं. कंद दगडासारखा निघाला. त्यानं तो नखानं सोलला, तिच्या नाकाशी धरला.

"मेंढरांनी राखलं," तो म्हणाला.

मॅनेजर वाढला तो असा, की शेपूट ओट्यावर आणि तोंड अंगणात. रानडुकरांनी त्याचा आवाज ऐकला आणि ती तालुका बदलून गेली. पलीकडच्या गावचे लोक तक्रार घेऊन आले, की तुमच्या कुत्र्यापायी आमच्या मक्यात दाटी झाली. आणि मनकर्णाबाई? ती आता त्याच्याशी बोलायची. पहिली भाकर त्याला. "काय रं मुडद्या, आज उशीर केला तुझ्या मायनं, बस आली नाय व्हय रं," असं संध्याकाळी दोघांचं फाट्याकडं तोंड करून चालायचं. एकदा त्याला ताप आला तर तिनं आपल्या जुन्या लुगड्याची घडी त्याच्या खाली घातली. विशाखानं हे सगळं पाहिलं आणि तिला वाटलं, झालं, आईला जिंकलं आपण.

एवढं मात्र होतं, की तो यायचा एकट्या विशाखाच्या हाकेला. मनकर्णाबाईनं बोलावलं तर आधी हातात भाकर आहे का बघायचा. सखारामनं बोलावलं तर कान हलवायचा आणि तिथंच बसायचा. विशाखानं मात्र "मॅनेजर, ये रे" असं, ये लांबवून, म्हटलं की कुठल्या का शिवारात असेना, कान मागं टाकून सुटायचा आणि तिच्या गुडघ्यावर येऊन आदळायचा. आदळून आदळून तिच्या डाव्या गुडघ्यावर कायमचा काळा डाग पडला होता.

फाल्गुनात अद्रक निघाली. चांगली निघाली. त्याच आठवड्यात एका दुपारी विशाखा कँटीनमध्ये डबा खात होती, तर आईचा फोन. आई दुपारी कधी फोन करायची नाही.

"काय झालं गं?"

"काय नाय बाई. मॅनेजर रुसलाय. सकाळपून भाकरीला तोंड लावीना, जांभळीखाली जाऊन बसलाय. जवळ गेलं की पळतो. जरा आवाज दे त्याला. मी फोनचा आवाज मोठा करते."

विशाखाला हसू आलं. आमरीन विचारत होती, "क्या हुआ? तेरा मॅनेजर रूठ गया क्या?" आजूबाजूच्या पोरीही वळून बघू लागल्या. विशाखानं फोन तोंडाशी धरला.

"मॅनेजर! ये रे. ये माझं पिल्लू. आईकडं ये. काय झालं रे तुला? ये."

पलीकडून आधी काहीच नाही. मग धावण्याचा आवाज आला, पाचोळा तुडवत, आणि फोनला नाक लावल्याची फूं फूं. सगळ्या पोरी हसल्या. विशाखा म्हणत होती, "शहाणा माझा, खाऊन घे आता, संध्याकाळी येते हं मी," आणि तेवढ्यात पलीकडं काहीतरी झटापट झाली, साखळी वाजली, एक केकाटणं, आणि फोन बंद.

"भाकर बघितली असंल," ती आमरीनला म्हणाली. "असाच आहे तो, हावरट."

संध्याकाळी फाट्यावर उतरली. तिला घ्यायला रोज मॅनेजर यायचा. आज नव्हता. रुसला आहे अजून, असं म्हणत ती भराभर आली. ओट्याच्या खांबाला नुसता साखळीचा तुकडा. चुलीवर शेवग्याच्या शेंगांची आमटी, बाजूला धपाटे. एवढं सगळं तिच्या आवडीचं एकाच वेळी या घरात तिच्या वाढदिवसालाही झालं नव्हतं.

"मॅनेजर कुठंय?"

मनकर्णाबाईनं आमटी ढवळली. "हातपाय धू आधी."

"आई, कुठंय तो?"

सखाराम ओट्यावर बसला होता, हातात ठिबकची नळी नव्हती, काहीच नव्हतं. "कारभारी येऊन गेला," तो म्हणाला. "घेऊन गेला."

"घेऊन गेला म्हंजे?"

"त्याचंच व्हतं ते. आपलं अर्धलीचं."

विशाखाला आधी ते समजलंच नाही. ती हसली. "कुत्रं कुणी अर्धलीनं घेतं का, बाबा?"

"का? शेळी घेतात, गाय घेतात. त्याची लहान पिल्लं वाटंनं जगत नाय, बिबट्या उचलतो. त्याला वाढवून पायजे व्हतं. आपल्याला मेंढरं पायजे व्हती. वाढलं की कुत्रं त्याचं, खत आपलं. शब्द झाला व्हता."

"कवा झाला शब्द?"

सखारामनं तोंड फिरवलं. "फाट्यावर. तो आला त्याच दिवशी."

विशाखा उभीच होती. पिशवी खांद्यावरच. तिनं मनात सगळं एकामागून एक लावून पाहिलं. कारभारी फाट्यावर आला. मग मेंढरं रानात बसली. मग ती बाभळीखाली पाणी प्यायला टेकली. मग आई म्हणाली, नाय.

"म्हंजे मी मागायच्या आधीच आणायचं ठरलं होतं."

मनकर्णाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

"मग नाय कशाला म्हणत होतात मला? एवढे दिवस? मी लेंड्या काढल्या, भाकरी जाळल्या. गुडघे चोळले तुझे, आई. खोली सोडली मी."

"आम्ही सोड म्हणलो का?" मनकर्णाबाई चुलीकडं तोंड करून बोलली. "तूच बोलली उंबऱ्यात उभी राहून. आम्ही काय तुझ्या तोंडात शब्द घातला?"

"घरी राहून काम करती तर वाईट झालं का?" सखाराम म्हणाला. "अद्रक निघाली ना. ती काय एकट्या माझ्या पोटात जाणाराय?"

"आन् दुपारचा फोन?"

आता मनकर्णाबाईचा हात थांबला. पळी आमटीतच राहिली.

"जवळ येऊ देईना," ती हळू म्हणाली. "कारभारी दावं घेऊन उभा, तुझ्या बाबाला चावला हाताला. मी भाकर दाखविली तर माझ्याकडं बघून मागं मागं सरला. मग म्हणलं... तुझ्या आवाजाला येतो..." तिनं डोळ्याला पदर लावला. "मलाबी काय गोड वाटलं का ते? मीच भाकर घालत व्हते ना त्याला रोज?"

सखारामच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. विशाखानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, अजून थोडं वर चावायला हवं होतं. ती जेवली नाही. मनकर्णाबाईनं ताट वाढून झाकून ठेवलं, सकाळी ते तसंच शेळ्यांपुढं गेलं.

सकाळी ती कंपनीच्या बसमध्ये चढली नाही. मेंढरांची दर सालची वाट धरून, उलट्या बाजूच्या काळीपिवळी जीपमध्ये बसून लाडसावंगीच्या पुढं उतरली आणि विचारत विचारत माळावर गेली. लांबूनच मेंढरांचा कळप दिसला, वाघूर गुंडाळून घोड्यावर टाकलेली. उन्हं अजून कोवळी होती. मॅनेजर बाभळीच्या बुंध्याला बांधलेला. ती दिसली तसा तो उठला. शेपूट हलली, पण खाली दाबून. ती जवळ बसली, त्यानं तिचा हात चाटला, मनगट चाटलं, टेपचा वास होता तो सगळा चाटून काढला. मानेवर दाव्यानं केस गेले होते, कातडी लाल झाली होती.

"तू आलीस व्हय," कारभारी म्हणाला. "बरं झालं. कालपून अन्नाला शिवला नाय."

"मामा, मला न्यायचंय त्याला."

कारभारी तिच्याकडं बघत राहिला. "अगं, पण तूच राजी व्हतीस ना? तुझा बाप म्हणला, पोरीला सगळं ठावं हाय, तिनंच वाढवलं तुमच्यासाठी. म्हणून तर मी तुझा फोन यीस्तवर थांबलो. म्हणलं, पोरगी सोताच्या तोंडानं निरोप देती हाय, मग काय."

विशाखानं मॅनेजरच्या मानेवरचं दावं बोटानं सैल केलं. सरूबाई तीन दगडांच्या चुलीपाशी चहा ओतत होती, तिनं नवऱ्याला म्हटलं, "बघा. म्हणलं नव्हतं मी तवाच? एवढं गोड कुणी हाक मारतं का निरोप द्यायला?" मग विशाखाला म्हणाली, "गेल्या सालीबी मला नाय पटलं. तू मागितलं तवा ह्यांनी सांगायला पायजे व्हतं. मी बोलले नाय, माझंबी चुकलं, बाई."

कारभारीनं पागोटं काढून डोकं खाजवलं. कळपाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग बुंध्यापाशी जाऊन त्यानं मॅनेजरच्या गळ्यातलं दावं सोडलं.

"ने," तो म्हणाला. "येत असंल तर ने. खत गेलं तर गेलं. पोरीच्या जिवावर मला कुत्रं नको."

विशाखा उठली. छातीत एवढं धडधडत होतं, की पलीकडचं घोडं कान टवकारून बघू लागलं. ती दहा-बारा पावलं वाटेकडं गेली, वळली, गुडघा पुढं करून वाकली.

"मॅनेजर, ये रे."

मॅनेजरचे कान मागं गेले. तो सुटेल आता, असं वाटून तिनं गुडघा घट्ट केला. पण तो खाली बसला. पोट जमिनीला लावलं. मोकळाच होता, गळ्यात काही नव्हतं, तरी तो तसाच पोटावर मागं मागं सरकू लागला. ती एक पाऊल पुढं आली.

"मॅनेजर. मी आहे ना. ये माझं पिल्लू."

तो उठला आणि शेपूट पायात घालून मेंढरांत घुसला. मेंढरं फाकली, परत जुळली. त्यांच्या पायांतून त्याचं काळं तोंड तेवढं दिसत होतं. तो तिच्याकडंच बघत होता आणि येत नव्हता.

"हाच आवाज व्हता गं," सरूबाई म्हणाली. "दावं पडलं तवा."

विशाखानं तिसरी हाक मारली नाही. सरूबाईनं चहाची कपबशी पुढं केली, ती तिनं उभ्यानंच घेतली, घोटभर प्यायली आणि परत दिली. कारभारी म्हणाला, राहा थोडा येळ, सवय मोडंल त्याची. ती म्हणाली, नको मामा, त्याला खाऊ द्या, मी असले तर खायचा नाय. मेंढरं हलली. मधल्या मधे तिला एकदा शेपटीचं टोक दिसलं, मग धूळ.

माळाखालच्या फाट्यावर ती उभी राहिली तोवर ऊन चढलं होतं. आईचा फोन आला, वाजून बंद झाला, परत आला. तिनं तो वाजू दिला. मग आमरीनला लावला. आमरीन लाईनवर असणार, फोन लॉकरमध्ये असणार. तरी तिनं जेवणाच्या सुट्टीपर्यंत वडाखाली बसून पुन्हा पुन्हा लावला. गावाकडं जाणाऱ्या दोन काळीपिवळ्या थांबून, हात करून, निघून गेल्या.

"किधर है तू?" शेवटी आमरीनचा आवाज आला. "सुपरवायझर पूछ रहा था. क्या हुआ?"

"ती खाट आहे का अजून?"

"हौ, है ना. मेरे कपडे पडे है उसपे. काय को?"

"उचलून ठेव कपडे."

"सच्ची? और तेरा मॅनेजर? उसको बी लाती क्या? देख, मालकीन नक्को बोलेंगी, पर मैं समझाती उसको. तू आ, दोनो मिलके समझाते."

समोरून शहराकडची एसटी येताना दिसली. विशाखा उठली, कपड्यांवरचं माळाचं कुसळ झटकू लागली. निघत नव्हतं.

"नको समजावू कुणाला," ती म्हणाली. "एकटीच येते."